छबूबाईचा नारळ

छबूबाई जिच्यावर जळत नसे अशी बाई आमच्या गावात नव्हती, आणि पुरुषांत फक्त तिचा नवरा कानिफनाथ सुटला होता, कारण त्याच्याकडे जळण्यासारखं काही नव्हतंच. इतरांवर ती येता-जाता जळे. धाकटी जाऊ भागूबाई हिच्यावर मात्र अगदी मन लावून. भागूबाईच्या म्हशीला रेडी झाली तर छबूबाई म्हणाली, तिरळी हाय. भागूबाईनं घरावर पत्रे टाकले तर म्हणाली, उन्हाळ्यात भाजून निघतील. भागूबाईच्या आजारपणाचाही तिला हेवा वाटला होता. "तिला ताप आला तर डाक्टर मोटारीनं. मला आला तवा सायकलवाला, त्योबी पंक्चर झालेला," हे ती वीस वर्षं सांगत होती.

त्याच आजारपणात भागूबाईचा तान्हा गोरक्ष हिनं अंगावर पाजून वाढवला, हे मात्र ती कधी सांगत नसे. ते आम्हाला माहीत होतं. गोरक्ष तिला मोठी आई म्हणायचा.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. संक्रांत नुकतीच झाली होती आणि मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, म्हणजे दिवसभर कुणाच्या तरी ओट्यावर बसायला मोकळी. अंदमानात जंगल खात्यात नोकरीला असलेला गोरक्ष रजेवर आला आणि त्यानं आल्या आल्या जाहीर केलं, की परत जाताना आई-दादांना बरोबर नेणार. दौंडहून मद्रास, मद्रासहून आगबोट. महिनाभर बेटं हिंडायची, मग तो त्यांना मद्रासच्या आगबोटीवर बसवून देणार. तिथे हत्ती लाकडं ओढतात, पाणी इतकं नितळ की तळाचे रंगीत मासे होडीतून दिसतात, थंडी अशी नाहीच. आमच्याकडे पाणी म्हणजे सीना नदी, आणि तीही उन्हाळ्यात वाळू दाखवणारी. बायका आ करून ऐकत होत्या.

"काळं पानी हाय ते," छबूबाई म्हणाली. "खुनी मानसं नेऊन सोडत हुते तिथं. आता हौसंनं चाललेत."

भागूबाईचा नवरा सहादेव आधी हो म्हणाला आणि दोन दिवसांनी फिरला. गाय व्यायला झाली होती, शिवाय ज्या गाडीला चाकं नाहीत तिच्यात तो बसणार नव्हता. झालं, दुसरी जागा रिकामी पडली. सोबतीला कोण, असं कुणी विचारलं की भागूबाई नुसती हसायची. "हाय की एक जन," म्हणायची.

आमच्याकडे कुणी लांबच्या देवाला निघालं की मागं राहणाऱ्यांनी त्याच्याजवळ एकेक नारळ द्यायचा, आपल्या नावानं तिथे वाहायला. बरोबर निघालेल्यानं द्यायचा नाही, तो आपला स्वतःच नेणार. आता अंदमानात देव कुठला, तर बायकांनी समुद्रालाच देव ठरवलं आणि कर्जतच्या बाजारातून नारळ यायला लागले. प्रत्येकीनं आपल्या नारळाला खूण केली, कुणी लाल दोरा, कुणी हिरवी चिंधी. गोरक्ष कपाळाला हात लावून बसला. "अगं आये, आपल्याकडं बाभळी हायत तशी तिथं नारळाची झाडं हायत. हे पोतं कशाला?"

"तिथले नारळ तिथल्या लोकांचे," भागूबाई म्हणाली. "ह्यो चिंधीवाला बनुबाईचा हाय. तो बनुबाईच्याच नावानं जायाला पायजे."

बनुबाई म्हणजे माझी चुलती. तिनं पहिल्या दिवशीच नारळ देऊन टाकला होता.

छबूबाईनं दिला नाही. भागीच्या यात्रेला माझ्या पदराचा नारळ कशाला, असं ती मला म्हणाली. पण तिचं सगळं लक्ष त्या रिकाम्या जागेवर होतं. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की तिचं जेवण तुटलं होतं. माझ्याशेजारी बसून ती हळूच विचारायची, "आगबोटीत चूल असती का गं? का कोरडंच खायाचं?" एकदा तिनं पेटीतलं इरकली लुगडं उन्हात टाकलेलं मी पाहिलं. विचारलं तर म्हणाली, कसर लागलीय. आणि संध्याकाळी चारचौघीत पुन्हा काळं पाणी सुरू. आपण थोरली, भागीनं आपल्या पाया पडून "चला" म्हणावं, आपण दोनदा नाही म्हणावं आणि तिसऱ्यांदा जावं, असा तिचा हिशेब होता. भागूबाई काही विचारेना. तेव्हा जळता जळता ती नुसती राख व्हायची राहिली होती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही छबूबाईच्या ओट्यावर शेंगा फोडत होतो. चुलती म्हणाली, "समद्या गावाचे नारळ गेले. छबूबाईचा तेवढा ऱ्हायला. परवडंना जनू." माझी चुलती भोळी होती असं माझं मत नाही, पण एवढं पुढचं तिला दिसलं असेल असंही वाटत नाही.

छबूबाई उठली ती थेट देवळीतला नारळ घेऊन भागूबाईच्या घरात शिरली. आम्ही मागोमाग. तिथे भिंतीशी दोन वळकट्या बांधून ठेवल्या होत्या, दोन तांबे, दोन दशम्यांची फडकी. ते पाहून तिचा उरलासुरला तोल गेला. सोबतीण ठरली, आणि आपल्याला पत्ताही नाही. तिनं नारळ भागूबाईच्या पुढ्यात आदळला. "घे. माझाबी टाक त्या खाऱ्या पान्यात. चिक्कट म्हनायला नगं कुनी."

भागूबाईचा चेहरा उतरला. ती नारळाकडे बघत राहिली.

"आक्का, तुमी नारळ देताय?"

"दिला न्हवं?"

"म्हंजी तुमी येत न्हाई." भागूबाई खाली बसली. "समद्यांनी दिला, तुमी दिला न्हाई, तवा मला वाटलं तुमी निघालाच. थोरल्या जावंला मी कोन्त्या तोंडानं म्हनू, माझ्या सोबतीला चला म्हनून? आपनहून सांगाल म्हनून वाट बघत हुते. ती दुसरी वळकटी तुमचीच हाय."

गोरक्ष पुढे झाला, नारळ उचलून तिच्या हातात द्यायला लागला. "मोठी आई, घ्या माघारी. कुठं पोचलाय अजून समुद्राला. चला की."

छबूबाईचा हात थोडा पुढे आला. मी जवळच होते, मी पाहिलं. मग तिला दारातल्या बायका दिसल्या, ज्यांना पंधरा दिवस तिनं काळं पाणी पाजलं होतं. हात पदरात गेला.

"दिलेला नारळ माघारी घ्यायची रीत न्हाई आपल्यात," ती म्हणाली.

ही रीत माझ्या चुलतीलाही ठाऊक होती. तिनं ती जरा बाजूला सारली, पोत्याचं तोंड सोडलं, आतून हिरव्या चिंधीचा आपला नारळ शोधून काढला आणि म्हणाली, "मग मी येऊ का, भागूबाई?"

सकाळच्या एसटीनं दोघी गेल्या. छबूबाईचा नारळही गेला. त्याला खूण करायचीही राहिली होती, म्हणून भागूबाईनं तो पोत्यात न टाकता वेगळ्या पिशवीत ठेवला. महिनाभर छबूबाईनं भागूबाईच्या गायीचं सगळं केलं आणि वासरू तिरळं आहे असं गावाला सांगितलं. चुलती परत आली ती रंगीत माशांचं वर्णन घेऊन. ती बोलायला लागली की छबूबाईला हटकून काहीतरी काम आठवे. पण उंबऱ्याच्या आत थांबून ती ऐकत असे.

त्यानंतर छबूबाईनं कुणालाच नारळ दिला नाही. कुणी तुळजापूरला निघो, कुणी काशीला, तिच्या घरून नारळ येत नसे. नव्या सुना तिला चिक्कट म्हणत. गावातून कुणीही कुठेही जायला निघालं की भागूबाई मात्र तिच्या दारात जाऊन विचारी, "आक्का, येताय न्हवं?"

"बघू," छबूबाई म्हणे, आणि इरकली लुगडं उन्हात टाकी.