वरचे दोन दात

उंद्रीत भागवत नावाची माणसं बरीच असतील, पण क्लारनेटवाला भागवत म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवून देई. घरची थोडी ओलिताची जमीन होती. तीत वांगी, मेथी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या व्हायच्या आणि त्या खामगावच्या बाजारात जायच्या. लग्नसराई लागली की मात्र शेत बायकोवर, संजीवनीवर, सोडून तो कारभारीमास्तरांच्या बँडचा लाल कोट चढवी. वरात नाचवायला ढोल-ट्रम्पेट पुरत. पण नवरी वाटे लावायची, पाठवणीची वेळ आली की मास्तर हात वर करून सगळ्यांना थांबवीत आणि भागवत एकटा वाजवी. पंगतीतल्या वाढप्यांचेही हात तेवढ्यापुरते थबकत.

जवानीत कधीतरी डिझेल इंजिन सुरू करताना हँडल उलटं फिरून त्याच्या तोंडावर बसलं होतं. वरचा समोरचा दात हलला, पण पडला नाही. पुढं तो हळूहळू राखाडी पडत गेला. दुखत नव्हता, म्हणून भागवतनं त्याच्याकडं कधी लक्ष दिलं नाही.

मग एका उन्हाळ्यात, ऐन लग्नतिथींच्या दिवसांत, ओठाखाली हिरडीवर गळू आलं. क्लारनेटचा सगळा भार वरच्या दोन दातांवर येतो. वाजवताना तोंडात धरलेली त्याची वेताची पट्टी थरथरली की ती थरथर थेट दातात उतरते. एरवी त्याला ती कळतसुद्धा नसे. आता प्रत्येक सुरागणिक डोळ्यांपर्यंत कळ जाई. त्यानं लवंग धरली, मेडिकलवरून गोळ्या आणल्या. सूज उतरली की गोळ्या बंद, पंधरवड्यानं पुन्हा सूज. शेवटी संजीवनीच त्याला खामगावच्या दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

दात आतून कधीचाच मेला आहे, मुळाशी पू धरलाय, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. रूट कॅनल झालं, वर टोपी बसली. नवा दात बाकीच्यांपेक्षाही पांढरा दिसे. उरलेली सराई त्यानं मनसोक्त वाजवलं. आपण सुटलो, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला.

पुढच्या दिवाळीच्या सुमारास हिरडीवर पुन्हा पुटकुळी आली. दाबली की खारट, घाण चव तोंडभर पसरे. डॉक्टरीणबाईंनी टोपी काढली, मूळ पुन्हा साफ केलं, औषध भरलं. भागवत एसटीनं खामगावला खेपा घालत राहिला. पुटकुळी जाई आणि येई. त्यानं भाकर दुधात कुस्करून खायला सुरुवात केली. चारचौघांत बोलताना तो तोंडावर हात धरू लागला, कारण वास येतो असं त्याला वाटे. संजीवनी नाही म्हणे, पण ती खोटं बोलते हे त्याला कळत होतं.

शेवटच्या एक्स-रेत मूळ उभं चिरलेलं निघालं. त्या चिरेतून घाण झिरपून आजूबाजूचं हाडही पोखरलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हा दात वाचायचा नाही. लवकर काढला नाही तर शेजारचाही जाईल.

भागवतच्या पोरीचं, प्रेरणाचं, लग्न महिन्यावर आलं होतं. लहानपणापासून ती म्हणायची, माझ्या वाटे लावण्याला दुसऱ्या कोणी वाजवायचं नाही.

"दात काहाडला त मी वाजवू कसा, मॅडम?" तो म्हणाला. "पोरीचं लग्न होऊ द्या. मंग काय काहाडायचं ते काहाडा."

त्यांनी परोपरीनं समजावलं. मग नाइलाजानं गोळ्या लिहून दिल्या.

हळदीच्या दिवशी वरचा ओठ सुजून नाकाला भिडला. अंगात ताप होता. तोंडाला रुमाल लावूनच तो वावरला; पाहुण्यांना वाटलं, पोरीच्या काळजीनं बापाचं तोंड उतरलंय. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि उन्हं कलताना प्रेरणा गाडीपाशी येऊन उभी राहिली. कारभारीमास्तरांनी हात वर केला.

भागवतनं क्लारनेट तोंडाला लावलं. पहिली ओळ निघाली आणि मांडवातल्या बायका रडू लागल्या. दुसरी ओळ चढवायला त्यानं दात घट्ट रोवले, तसं आत काहीतरी फुटलं. ऊन, खारट पू आणि रक्त एकदम जिभेवर आलं. पट्टी पू-रक्तानं भरून सूर चिरकला आणि बंद पडला. त्यानं पाठ फिरवून रुमालात थुंकलं. पुन्हा फुंकर घातली, तर नुसती हवा. सगळे वाट पाहत होते. कोणीतरी गाडीतला टेप लावला आणि गाडी हलली.

गावात बोलणं झालं की भागवतचं काळीज फाटलं, पोरीसाठी सूरच फुटला नाही. लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवून डोळे पुसत. प्रेरणानंही सासरहून फोनवर तेच म्हटलं, बाबा, तुम्ही रडत होते ना, मले समजलं.

तो हो म्हणाला.

रुमाल संजीवनीनं धुतला होता. त्यानं फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "काऊन नाही सांगत तिले खरं?"

"काय सांगू? तिले वाटे लावताना माह्या तोंडातून पू आला, असं सांगू?"

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

दात काढला. शेजारचा एवढा हलत होता की तोही काढावा लागला. जबड्यातलं हाड झिजलंय, हाडात स्क्रूनं बसवायचे दात तिथं धरणार नाहीत, असं निदान झालं. काढघालीची कवळी मिळाली. जेवायला ठीक होती, फोटोलाही. पण क्लारनेट तिच्यावर टेकवलं की ती टाळूपासून सुटे आणि बाज्यातून किंकाळी निघे. कारभारीमास्तर घरी येऊन गेले. ओठ आत दुमडून वाजवणारे असतात, सवयीनं जमेल, म्हणाले. भागवतनं सगळा पावसाळा ते करून पाहिलं. ओठ सोलवटले. एखादी ओळ नीट येई, पण तेवढ्यात ओठ थकून सैल पडत आणि लाळ गळे.

पुढच्या सराईत मास्तरांनी कीबोर्ड आणला. क्लारनेटचाच आवाज निघे त्यातून. भागवतला त्यांनी खुळखुळे वाजवायला बोलावलं, माणूस तुटू नये म्हणून. तो एकाच लग्नाला गेला. नवरी निघताना कीबोर्डवर त्याचीच धून वाजली. लोक रडले, जसे नेहमी रडत. लाल कोट घडी करून त्यानं मास्तरांच्या हाती दिला.

आता लग्नाची पत्रिका आली की संजीवनी एकटी जाते. भागवत कुठं असं विचारलं तर त्याला वांग्यांना पाणी द्यायचं होतं म्हणून सांगते. परवा ती लग्नाहून परतली तेव्हा भागवत ओसरीवर बसला होता, कवळी काढून ठेवलेली. जेवलात का, तिनं विचारलं. त्यानं होकाराची मान हलवली. पण ताटातली भाकर तशीच होती. कुठून तरी वरातीचा आवाज येत होता; भागवत उठला, आत गेला आणि दार ओढून घेतलं.