दोर सोडा, आत्या

नमस्कार मंडळी. या पानावरचे तुमचे सगळ्यांचे अनुभव मी चष्मा पुसून पुसून वाचते आणि निम्म्यांना मनातल्या मनात लाल पेनाने काट मारते. सवय जात नाही... उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. आज स्वतःच लिहायला बसलेय. मारा काट.

तरुणपणी मी म्हणजे चालतंबोलतं विज्ञान मंडळ. शेजारच्या वाडीत एका घरावर दगड पडतात, भानामती आहे, अशी बोंब उठली. ही बया पदर खोचून, बॅटरी घेऊन तिथं भाषण द्यायला हजर! 'दगड आपोआप पडत नसतात,' असं म्हणायला आणि कपाळात खडा बसायला एकच गाठ. टेंगूळ चोळत म्हटलं, "माकडाचं काम आहे." त्या वाडीत माकड कुणी पाहिलेलं नव्हतं. तरी माझा हेका कायम.

आणि थापाडी किती! नवी नवरी होऊन आले तेव्हा सासरी सांगितलं होतं, मला पट्टीचं पोहता येतं. पुढं विहिरीत कळशी पडली तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, मारा की सूर." वहिनीला तिथल्या तिथं ताप भरला. खरं सांगायचं तर मी आजवर गुडघ्यापलीकडं पाण्यात गेलेली नाही. मला पाण्याची भीती वाटते. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आमचं गाव धाराशिवहून येडशीच्या अंगाला, हायवे सोडून आत. शेतात दगडी बांधणीची गोल विहीर. आत उतरायला पायऱ्या, वर काठाला मोटारीचा लोखंडी अँगल, त्याच्याशेजारी बसायला सपाट दगड. नीट सांगतेय, कारण 'अंधारात दिसलं नसेल' म्हणणारे भेटतातच. जे झालं ते सकाळच्या लख्ख उन्हात झालं.

मंजू माझी सून. धाराशिवला एका सरकारी कचेरीत क्लार्क होती. मुलगा दत्ता सोलापूरला कंपनीत, शनिवारी येणारा पाहुणा. घरात आम्ही तिघी — मी, मंजू आणि माझी नात ओवी, चौथीतली.

तर या मंजूच्या डोक्यात ट्रायथलॉन शिरलं. म्हणजे आधी तळ्यात पोहायचं, बाहेर येऊन ओल्या अंगानं सायकल, मग पळायचं. मध्ये चहासुद्धा नाही! मी म्हटलं, "अगं, एवढं सगळं तू रोज करतेसच की. भाकरी, डबा, स्कूटी, कचेरी, परत भाकरी. मेडल कुणी देत नाही एवढंच." ती हसली. पण हटली नाही. माहेरी तेरणेच्या काठानं वाढलेली पोर, पाणी बघितलं की तिचे खांदे हलायचे.

सायकलचं जमलं, पळायचंही शाळेच्या मैदानावर जमलं. अडलं पोहण्यापाशी. शहरातल्या तलावात बायकांची वेळ दुपारची. म्हणजे जिला नोकरी आहे तिनं पोहूच नये! मग राहिली आमची विहीर. तिच्यात दोन हात मारले की समोरची भिंत. मंजूनं मोबाइलवर बघून तोड काढली — कमरेला पट्टा बांधायचा, पट्ट्याला दोर, दोर वर पक्का धरायचा. मग कितीही हात मारा, माणूस जागच्या जागी. पुढं जाता येत नाही, पण दमता येतं. मी म्हटलं, "हे तर अगदी संसारासारखं झालं."

दोर सरळ अँगलला बांधता आला असता. पण आमच्या भागात पोहणाऱ्याचा दोर लोखंडाला, झाडाला बांधत नाहीत. जिवंत माणसाच्या हातात देतात. दोराला अँगलचा एक वेढा, आणि टोक माझ्या मुठीत. ओवी शाळेची तयारी करायची, मंजू खाली पाणी कापायची, आणि मी वर दगडावर चहाचा थर्मास घेऊन बसायचे. मग ती ओल्या केसांनी डबा भरून स्कूटीवर कचेरीला.

शेजारच्या रानातली पारूबाई बांधावरून ओरडायची, "मास्तरीणबाई, सुनंला लईच जपताय, दोरीला बांधून ठिवलंय जणू!"

"व्हय! तुझी सून दर पंधरा दिवसाला माहेरी पळती, त्यातनं धडा घेतलाय."

खालून मंजूचं हसू यायचं, पाण्यातून आल्यासारखं बुडबुडलेलं.

आमच्या खुणा ठरल्या होत्या. एक हिसका म्हणजे दोर ढिला करा. तीन हिसके म्हणजे सोडून द्या, मी मोकळी पोहते. आता ही तीनची खूण तिनं कितीदा तरी दिली असेल. मी एकदाही दोर सोडला नाही. वर आल्यावर म्हणायचे, "हिसके मोजताना चुकले बाई. गणित कच्चं माझं." गणितच शिकवलं जन्मभर! खरी गोष्ट, मुठीत तिचं वजन लागलं नाही की मी वाकून पाण्यात तिचं डोकं शोधायचे.

स्पर्धा जवळ आली तशी ती चिडायला लागली. त्या रविवारी संध्याकाळी पायरीवर बसून केस पिळत म्हणाली, "आत्या," — आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात — "तिथं तळ्यात दोर कोण धरणार?"

"मी होडीत बसून येते की मागं मागं."

"तुम्ही? होडीत?"

"डोळे मिटून बसेन."

ती हसली, मग पट्ट्याशी चाळा करत म्हणाली, "एकदा तरी सोडा ना आत्या. मला बघायचंय, तुमच्या हातात नसताना मला जमतंय का."

"न्हाय सुटायचा."

"तुमच्या हातून सुटायचा नाहीच तो," असं म्हणून तिनं पट्टा काढून पाण्यात टाकला. "सकाळी मीटिंग आहे, लवकर जायचंय. उद्या संध्याकाळी पोहीन. दोर असाच राहू द्या."

सकाळी ती घाईत निघाली. हेल्मेट घालता घालता ओवीचा गालगुच्चा घेतला. "येते आत्या."

"ये."

आमच्याकडं बाहेर पडणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत. ही विज्ञानवादी बाईसुद्धा म्हणत नव्हती. तेवढी अंधश्रद्धा मी स्वतःला माफ केली होती.

ओवी शाळेत गेली. घर रिकामं. मी थर्मास घेऊन, काही काम नसताना, विहिरीवर गेले. सवय, दुसरं काय. दगडावर बसले, दोर अँगलला होताच, त्याचं टोकही मुठीत घेतलं. माझं मलाच हसू आलं. खाली सून नाही आणि ही सासू दोर धरून बसलीय! चहा ओतला.

आणि दोर ताणला गेला.

आधी वाटलं मोटार. पण मोटार बंद, लाइट नव्हती. मग वाटलं कासव. आमच्या विहिरीत एक कासव आहे, चपातीएवढं. वाकून बघितलं. पाणी नितळ, खालच्या पायऱ्या दिसत होत्या. पट्टा पाण्याच्या वरच्या थरात आडवा होता... गोल, फुगलेला, आत कुणीतरी असल्यासारखा. आणि दोर ताठ. मुठीत तेच वजन. रोजचं. हात मारताना थोडं कमी, थोडं जास्त होणारं. ते वजन मी झोपेतसुद्धा ओळखेन.

"मंजू? कचेरीला गेली न्हायस का गं?"

पाण्यावर कुणी नाही. आवाज नाही. मग हिसके आले. दोन तुटक, तिसरा लांब. ती असेच द्यायची.

मी घाबरले नाही हो. त्याचंच आज नवल वाटतं. मी रोजच्यासारखी चिडले. "न्हाय सोडत म्हंजे न्हाय! सांगितलं ना काल!" आणि मूठ घट्ट केली. पुन्हा हिसके. चहा सांडला, दोर तळव्यातून काचत पुढं सरकला, मी पाय अँगलला लावून धरून ठेवला. किती वेळ, माहीत नाही.

मग ओढ बदलली. हिसके थांबले. पहिलीतलं पोर शाळेच्या फाटकाशी आईच्या हातातून आपलं एक एक बोट सोडवून घेतं, बघितलंय कधी? रडत नाही, भांडत नाही. आतली पोरं दिसलेली असतात त्याला. तसं. इतकं हळू. इतक्या वर्षांत मी कितीतरी आयांना फाटकाशी सांगितलं असेल, "सोडा हो, रमेल ते."

माझी मूठ उघडली. आणि तोंडातून निघालं, "जा बाई. जा."

दोर वेढ्यातून सर्रकन गेला, पाण्यात उतरला, दिसेनासा झाला. पाणी स्थिर.

मी तिथंच बसले होते. पारूबाई बांधावरून पळत येताना दिसली. या बाईला मी कधी पळताना पाहिलं नव्हतं. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मी उठलेच नाही.

हायवेला स्कूटी घसरली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दत्ता आला, माझे हात धरून रडायला लागला आणि मध्येच थांबून म्हणाला, "आई, तळव्याला काय झालं तुझ्या?" दोन्ही तळवे सोलवटलेले होते. मी म्हटलं, तवा लागला.

दहाव्यानंतर शेख मॅडम भेटायला आल्या. मंजूच्याच कचेरीतल्या, दोघी आपापल्या स्कूटीवर हायवेला भेटून सोबत जायच्या. मंजूचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसल्या होत्या त्या. ओवीच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "अम्मा, एक बात मनात राहिलीय. ती सारखी 'सोडा, सोडा' म्हणत होती. मला वाटलं हेल्मेटचा पट्टा टोचतोय, मी लगेच सोडला. तरी म्हणतेच, सोडा. और हात सारखा कमरेशी. लई तडफडली हो... आणि मग एकदम शांत झाली. हसल्यासारखी. कुणी ऐकलं तिचं, असं वाटलं."

मी उठून चहा केला.

आता तुम्ही म्हणाल, वेळ जुळवून बघितली का? नाही. शेख मॅडमनी अँब्युलन्सला फोन केला होता, त्या कॉलची वेळ त्यांच्या फोनात असेल. मी मागितली नाही, मागणारही नाही. जुळली तर मी काय करू? आणि नाही जुळली तर काय करू?

कासवाचं म्हणाल, तर उन्हाळ्यात विहीर आटली, दत्तानं माणसं लावून गाळ काढला. कासव निघालं, माझी जुनी कळशी निघाली. दोर नाही निघाला. नायलॉनचा दोर, प्लास्टिकचा पट्टा! पाण्यावर काय तरंगतं आणि काय बुडतं, हा धडा मी किती वर्गांना शिकवला असेल. तो दोर पुन्हा वर आला नाही, तळाशीही मिळाला नाही.

माझ्याकडं याचा खुलासा नाही. कपाळात खडा बसला तेव्हा निदान माकड तरी सुचलं होतं.

दोराचं राहू द्या. मला झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं. जन्मात कुणाला 'जा' म्हटलं नाही, आणि त्या सकाळी म्हटलं. मी धरून ठेवला असता तर? दवाखान्यापर्यंत... थोडं पुढं... का नुसतीच तडफडत राहिली असती ती, माझ्या मुठीत? विज्ञान मंडळ गप्प आहे.

यंदा विहीर पुन्हा भरली. ओवी हट्टाला पेटली, मला पोहायचंय. दत्ता नको म्हणत होता. मीच म्हटलं, शिकव. तो खाली पाण्यात, पोर पायरीवर, कमरेला नवा पट्टा. आणि नवा दोर माझ्या हातात. तीन हिसक्यांची खूण तिला मी सांगितलेली नाही. कधीतरी सांगावीच लागेल, हे कळतंय मला.

पायरीवरून तिनं वर बघितलं. दात वाजत होते थंडीनं.

"आजी, येते गं."

"ये," मी म्हटलं. "ये बाळा, ये." आणि ती पाण्यात गेल्यावरही म्हणत राहिले, दत्तानं वर बघेपर्यंत. दोघींना म्हणत होते.