दोन घरांना शब्द

"उचला तुमचा नारळ," घरमालक म्हणाले आणि त्यांनी तो पायानेच पडवीवरून खाली लोटला. नारळ खळ्यात येऊन माझ्या चपलांपाशी थांबला. आठ दिवसांपूर्वी त्यांनीच तो मागून घेतला होता. "शब्द पक्का असेल तर आमच्या देवापुढे नारळ ठेवा," म्हणाले होते. मी ठेवला होता. देवापुढचा नारळ, पण माझा होता म्हणून पायाने.

"दोन-दोन घरांत बोलणी लावता? तुमच्या लोकांना एक तरी कोण देणाराय?"

तुमच्या लोकांना. म्हणजे कळलं होतं.

माझं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून जात कळत नाही. मी सांगितली नव्हती. लपवलीही नव्हती, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. मी रत्नागिरीत सरकारी हापिसात कारकून. आई, बायको आणि मी, तिघं भाड्याच्या एका खोलीत. मे अखेर तीही सोडायची होती आणि दुसरी मिळत नव्हती. भाड्याने देणारे आधी जात विचारत, मग खोली दाखवत. म्हणून विकतच घ्यायचं ठरवलं. कर्जही मंजूर झालं.

शेजारच्या टेबलावर नाना. सात वर्षं माझ्या डब्यातलं सुकट मिटक्या मारत खाल्लेला माणूस. माझी जात त्यांना माहीत होती. भाट्याचं, पुलापलीकडचं एक घर त्यांनीच सुचवलं. वर सल्ला दिला, "अहो, एकाच घरावर विसंबून राहू नका. विकणारा चार गिऱ्हाइकं खेळवतो, मग आपण दोन घरांत बोललो तर कुठं बिघडलं?"

मला पटलं. भाट्याला बोलणी केली. दुसरं घर, हे नारळाचं, मी स्वतः शोधलं. चिऱ्याचं, दोन खोल्या, मागे विहीर. नानांच्याच आळीत. त्यांना मुद्दाम सांगितलं नाही. शेजारी आलो की किती खूश होतील, असं वाटत होतं. काय मूर्ख होतो मी!

खळ्यात उभा राहून मी विचारलं, "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या नानांनीच. आळीत तुमचं नाव कळलं तसे काल येऊन गेले. भाट्यालाही सांगून आलेत."

त्याच संध्याकाळी भाट्याच्या मालकांनी दार अर्धंच उघडलं. "दोन ठिकाणी शब्द देणाऱ्याचा भरवसा काय?" त्यांच्या ओटीवर तेव्हा दुसरं गिऱ्हाईक चहा पीत बसलं होतं.

सकाळी हापिसात नानांना विचारलं. फायलीतून मान वर न काढता म्हणाले, "भाट्याला घ्यायचंत ना. मला न सांगता आमच्या आळीत कशाला शिरलात? फसवलंत तुम्ही मला."

मी फसवलं! सात वर्षांची मैत्री टेबलापुरती होती आणि मी ती आळीपर्यंत नेली, एवढाच माझा गुन्हा.

घरी आईला सगळं सांगितलं. घरांचं सोडून ती एवढंच म्हणाली, "बाला, कुनाच्या द्येवाफुडं नारल ठेवलास?"

आम्ही बौद्ध. बापाने घरातला देव्हारा नदीत सोडला तेव्हा आई नवी नवरी होती. तेव्हापासून आमच्या घरात नारळ फुटला नाही. आणि मी दोन खोल्यांसाठी परक्याच्या देवापुढे हात जोडून उभा राहिलो. नानांनी दगा दिला, पण त्याच्या आधी मी दिला होता. माझी मलाच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. गावात विकायला असलेल्या घरांचे पत्ते मिळतील तेवढे गोळा केले. पहिल्या दारात सांगितलं, "मी बौद्ध. घर घ्यायचंय. आणखी चार घरांत विचारणार आहे, आधीच सांगून ठेवतो." दार लागलं. दुसरंही लागलं.

तिसरं घर नानांच्या आळीतलं, त्यांच्या अगदी समोरचं. तिथे मुद्दाम भर दुपारी गेलो. नाना जेवायला घरी असतात तेव्हा. ते खिडकीत आले, मी त्यांच्याकडे बघितलं आणि जोरात कडी वाजवली. यापुढे नाही म्हणायचं तर कारणासकट म्हणा, आणि माझ्या तोंडावर म्हणा. विकाऊ असलेलं एकही दार मी सोडणार नव्हतो.