मुळशीच्या मंडपाला ग्रीक माप

मुळशीला कसं जायचं, असं विचारणारे बरेच निरोप या ब्लॉगवर येतात. आता काय, चांदणी चौकातून गाडी काढली की पौडमार्गे दीड तासात धरणाचं पाणी दिसतं. शनिवारी मात्र जाऊ नका, सगळी हिंजवडी तुमच्या पुढे असते. मी सांगतोय ती सहल साठच्या दशकातली, भर मे महिन्यातली, आणि ती सांगायची मला आजवर लाज वाटत आली आहे.

एक पोस्टकार्ड आलं म्हणून मी निघालो. ‘मंडप पुरा झाला. तुमच्याच मापाने झाला. मान घ्यायला यावे.’ खाली सरपंचांची सही. मी तेव्हा मुंबईला वास्तुकला शिकत होतो आणि सुट्टीत पुण्याला घरी आलो होतो. आईला ते कार्ड दोनदा वाचून दाखवलं आणि शर्टाला इस्त्री करायला बसलो.

हे माप कुठलं, ते आधी सांगतो. आदल्या उन्हाळ्यात मी तिथे जुन्या देवळाची चित्रं काढायला गेलो होतो. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं. लोक डोंगराच्या कडेला वर आले, भैरवनाथालाही वर आणलं. मंडप तेवढा खाली राहिला. मे महिन्यात पाणी हटलं की त्याचे चार गोल दगडी खांब गाळातून अर्धे वर दिसत. गावाला वर तसाच, तेवढ्याच उंचीचा मंडप बांधायचा होता.

“खांब तेवढं मोजून द्या,” सरपंच म्हणाले. “कुदळ आणू का? खालपत्तुर उकरावं लागंल.”

ऊन मी म्हणत होतं आणि मला चारची एस.टी. गाठायची होती. शिवाय डोक्यात वर्षभर गिरवलेले ग्रीक-रोमन खांब होते. मेंढ्याच्या शिंगांसारखी वळणं डोक्यावर घेतलेला आयोनिक, पानांचा झुपका ल्यालेला कोरिंथियन, धट्टाकट्टा डोरिक. त्यांचा नियम असा, की जाडी कळली की उंची कळते. साधा टस्कन जाडीच्या सातपट उंच, डोरिक आठपट, आयोनिक नऊपट, कोरिंथियन दहापट.

“उकरायची गरज नाही,” मी म्हणालो. “दोन हजार वर्षांचं शास्त्र आहे हे.”

खांब बिननक्षीचा, म्हणून मी त्याला टस्कन ठरवून टाकलं. जाडी चौदा इंच. चौदा सत्ते अठ्ठ्याण्णव, म्हणजे आठ फूट दोन इंच. कागदावर आकडा लिहिला आणि खाली झोकात सही ठोकली. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस बघायचा असेल, तर त्या दिवशी मला बघायला हवं होतं.

तर आता मान घ्यायला निघालो. एस.टी. पौडला थांबली तेव्हा गरम भजी आणि चहा घेतला. पुढे फाट्यावर उतरून दीड तास पायी. वाटेत करवंदं हवी तेवढी, पाणी मात्र तेव्हाही बरोबर न्यावं लागे. संध्याकाळी सरपंचांच्या घरी आंबेमोहराचा भात आणि आमटी जेवलो. त्या भाताचा वास अख्ख्या आळीत पसरला होता. एवढ्या प्रेमाने मला त्यानंतर कुठल्याच बांधकामावर कुणी वाढलं नाही.

जेवण होताच मंडप बघायला गेलो. मधोमध देवाची काठी उभी केली होती, भगव्या कापडाने मढवलेला उंच बांबू. तिचा बुडखा ताजा कापलेला दिसला.

“ही कापली का?” मी विचारलं.

“सव्वा हात,” सरपंच म्हणाले. “तुळईला टेकत व्हती. मागं कुणीतरी लांब बांबू घातला असंल. तुमचं माप काय, कागदावरच हाय की!”

“काठी न्हाई वाढली,” कोपऱ्यातून एक म्हातारा बोलला. “मंडप ठेंगणा झालाय.”

ते धोंडीआबा. जुन्या गावात तरुणपणी ही काठी तेच नाचवायचे.

“आबाचं डोस्कं फिरलंय, साहेब. खांब हुबं ऱ्हायल्यापासनं हेच घोकतोय,” सरपंच म्हणाले. लोक हसले. आबांचा मुलगा “गप बसा की आता” म्हणून त्यांच्यावर खेकसला. आणि मीही हसलो. न उकरलेला पाया आठवला होता, तरी हसलो.

सकाळी उजाडताच कुदळ घेऊन एकटाच खाली जुन्या मंडपापाशी उतरलो. वरचा गाळ वाळून तडकला होता, खाली मऊ होता. तासाभरात खांबाचा पाया लागला. टेप लावली. नऊ फूट अकरा इंच. माझ्या आकड्यापेक्षा पावणेदोन फूट जास्त, म्हणजे जवळजवळ कापलेल्या काठीएवढाच फरक.

वर आलो तर वाटेवरच्या दगडावर आबा बसलेले. त्यांनी माझे चिखलाचे हात पाहिले.

“मोजलंस?”

“हो, आबा. दहा फुटाला एक इंच कमी.”

त्यांनी माझा हात धरला. “म्हंजे मी खुळा न्हाई.”

“नाही, आबा.”

“आज समद्यांफुडं सांगशील? माझं पोरगंबी ऐकंल.”

“सांगतो,” मी म्हणालो.

दहा वाजता कार्यक्रम झाला. मला फेटा बांधला, नारळ दिला, आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. आबा धुतलेलं मुंडासं बांधून सतरंजीवर अगदी पुढे बसले होते. मी उभा राहिलो. खांबांवरचे छिन्नीचे घाव दिसत होते. गावाने हिवाळाभर ते अंगमेहनतीने घडवले होते. तोंड उघडलं आणि मी ग्रीसबद्दल बोललो. डोरिकबद्दल बोललो, कोरिंथियनबद्दल बोललो. हा मंडप त्याच थोर परंपरेतला आहे, असंसुद्धा म्हणालो. टाळ्या पडल्या. आबांनी टाळी वाजवली नाही, तक्रारही केली नाही. ते काठीच्या बुडख्याकडे बघत राहिले.

पंगत बसायच्या आत ‘गाडी चुकेल’ म्हणून मी निघालो. फाट्यावर पोचलो तेव्हा गाडीला अजून तीन तास होते. ते मी तिथेच उन्हात बसून काढले.

घरी आईने त्याच नारळाच्या वड्या केल्या. मी एकही खाल्ली नाही. कितीतरी पोस्टकार्डं लिहिली आणि फाडली. अखेर दोन वर्षांनी एक टाकलं, तेही भित्रंच: आबा कसे आहेत? सरपंचांचं उत्तर आलं, आबा गेल्या पावसाळ्यात गेले. शेवटपर्यंत मंडपाचंच घेऊन बसले होते, असंही त्यात लिहिलं होतं.

पुढे चाळीस वर्षं व्यवसाय केला. प्रत्येक भिंत स्वतः टेप लावून मोजली आणि लोक मला काटेकोर म्हणत राहिले. मुळशीला मात्र परत गेलो नाही. माझ्या सहीने एक शहाणा माणूस गावात खुळा ठरला, आणि ते पुसायला एक वाक्य पुरेसं होतं.

मंडप अजून उभा आहे, असं ऐकतो. तुम्ही त्या बाजूला गेलात, तर पाणी बरोबर ठेवा, आंबेमोहर मिळाला तर जरूर खा. आणि धोंडीआबांच्या घरचं कुणी भेटलं, तर माझं एवढं काम करा. त्यांना सांगा, जुना मंडप उंचच होता, माप माझं चुकलं. आबांचं बरोबर होतं.