डाव्या हाताचा प्रेस

शेवंताबाईंचा फोन आला तेव्हा मी चंद्रपुरात होतो, डोळ्यावर पट्टी. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दुसराच दिवस होता. पुतणीकडे खाटेवर पडलो होतो आणि फोन कुणाचा ते तिनंच वाचून सांगितलं. शेवंताबाईंची चहाची टपरी आमच्या गोंडपिपरीला, मारोतीभाऊंच्या लोखंडी कामाच्या दुकानाला लागून. त्यांनी मला याआधी कधी फोन केला नव्हता, त्यामुळे नाव ऐकताच मी खाटेवर उठून बसलो. "गुरुजी, भाऊ गेले," एवढंच म्हणाल्या. मग स्टोव्हच्या आवाजावरून मोठ्यानं सांगू लागल्या. दुपारचा चहा घेऊन त्या दुकानात गेल्या, तर भाऊ स्टुलावर बसलेले, पाठ भिंतीला टेकलेली. डुलकी लागली असेल म्हणून त्या कप झाकून परत आल्या. अर्ध्या तासानं पुन्हा गेल्या, तर चहा तसाच होता. डॉक्टरांनी मला आठ दिवस प्रवास करू नका म्हणून बजावलं होतं, आणि मी ते ऐकलं. आता महिना उलटून गेलाय. ऐकायला नको होतं, असं रोज एकदा तरी वाटतं.

आमची ओळख तशी उशिराची. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो आणि पुढच्याच वर्षी बायको गेली. फाटकाची बिजागरी तुटली म्हणून एक दिवस भाऊंच्या दुकानात गेलो, आणि बिजागरी बसल्यावरही जात राहिलो. ते फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या करत, पण त्यांचं खरं काम धानाच्या हंगामात. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्यासारखी केजव्हीलं लावतात, ती बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, धुऱ्यावर आपटून वाकडी होतात. भट्टीत तापवून, घणाचे घाव घालून भाऊ ती अशी सरळ करत की, जणू आताच कारखान्यातून आली. त्यांचीही बायको गेलेली. एकुलती मुलगी रंजना तेलंगणाच्या सीमेवर, सिरोंच्याकडे दिलेली. नातू घरी तेलुगूच बोले. रविवारी त्याचा फोन आला की भाऊ तो कानाला लावून नुसते ऐकत बसत. एकदा मी विचारलं, काय म्हणतो? म्हणाले, "समजत नाई. पन आवाज माह्या बापासारखा हाय."

एका हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. पाय हळूहळू सुधारला, उजवा हात काही सुधारला नाही. बोटं मिटायची, उघडायची नाहीत. घण तर दूरच, हातोडीही धरवेना. गिऱ्हाइकं सुरुवातीला तब्येत विचारायला थांबत, मग हात दाखवून पुढे जाऊ लागली, मग दुसऱ्या दुकानी. भाऊ मात्र रोज सकाळी शटर उघडत आणि थंड भट्टीपुढे बसत. मी शेजारी बसे. दोन माणसं, चार तास आणि फार तर पाचसहा वाक्यं. त्या दिवसांत मला कळलं की शांतता दोघांत वाटून घेतली तरी कमी होत नाही.

एका दुपारी गेलो तर ते डाव्या हातात खडू घेऊन फरशीवर काहीतरी काढत होते. वेडीवाकडी चौकट, मध्ये बाटलीसारखा आकार. मी वाकून बघू लागलो, तेव्हा म्हणाले, "गुरुजी, बाटलीवाला जॅक भरलेला ट्रक उचलते. मंग लोखंड काऊन नाई वाकवनार?" द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो हा धडा मी तीस वर्षं फळ्यावर शिकवला. जॅकचा दांडा मात्र कधी हातात धरला नव्हता. त्यांनी मला समजावून सांगितलं, मी विद्यार्थ्यासारखं ऐकलं. दोन उभे खांब, वर एक पक्की आडवी तुळई. तुळईखाली सरकती पट्टी, दोन स्प्रिंगांना टांगलेली, आणि त्या पट्टीवर जॅक उभा. जॅक वर रेटणार, पण तुळई हलणार नाही, म्हणून पट्टी खाली उतरणार आणि खालच्या बैठकीवर ठेवलेलं लोखंड वाकवणार. आग नको, घण नको. एका हातानं दांडा मारता आला की झालं. सांगताना त्यांचा आवाज चढला होता. कित्येक महिन्यांत मी तो तसा ऐकला नव्हता.

मोडलेल्या ट्रकच्या चॅसीचे तुकडे आले, भंगारातून स्प्रिंगा आल्या. मी तुकडे धरून उभा राही, ते डाव्या हातानं वेल्डिंग करत. त्या टाक्यांत पूर्वीची सफाई नव्हती. कुठे मणी साचत, कुठे फट राही. मला दिसत होतं, त्यांनाही दिसत असणार... मी पुढचा तुकडा उचलून धरला. महिनाभरानं प्रेस उभा राहिला. पहिल्या दिवशी वाकवायला बैठकीवर एक जाड लोखंडी पट्टी ठेवली, टपरीवरचे पाचसात जण बघायला आले. भाऊ दांडा मारू लागले. बैठकीवरची पट्टी जरा लवली, आणि वरचा जोड बंदुकीसारखा आवाज करत सुटला. जॅक उसळून खाली पडला, एक तुकडा माझ्या कानाजवळून भिंतीवर आदळला.

कुणालाच लागलं नाही. पण मी घाबरलो होतो आणि घाबरलेला माणूस बोलू नये ते बोलतो. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "पुरे झालं भाऊ. तुमच्यानं आता हे होत नाही. मान्य करा."

ते खाली वाकले, जॅक उचलून बाजूला ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गुरुजी, तुमी घरी जा."

मी गेलो. दुसऱ्या दिवशी जायला हवं होतं. उद्या जाऊ म्हणत आठवडा गेला, आणि आठवड्यानंतर जायला तोंड राहिलं नाही. बाजाराला लांबच्या रस्त्यानं जाऊ लागलो. ओसरीवर खुर्ची टाकून तेच वर्तमानपत्र दोनदा वाचायचं, एकट्यासाठी भात टाकायचा, अर्धा उरवायचा. दोघंही आपापल्या घरी एकटे, मध्ये दहा मिनिटांची वाट. ती वाट मी चार महिने चाललो नाही.

मग चिखलणीच्या दिवसांत एक ट्रॅक्टर घरासमोरून गेला. केजव्हीलांच्या नव्या पट्ट्यांना एकसारखा बाक होता. घणाच्या घावाची एकही खूण नव्हती. ड्रायव्हरला थांबवून विचारलं. तो म्हणाला, "मारोतीभाऊंकडून करून आणलं." मी पायात चपला सरकवल्या आणि निघालो.

प्रेस उभा होता. या वेळी खांब-तुळईच्या जोडांत वेल्डिंगचा एकही टाका नव्हता, सगळे जाड बोल्ट. ज्या कामाला दुसऱ्याचे दोन हात लागत होते त्या प्रत्येक कामाला त्यांनी काही ना काही जुळवलं होतं. छताच्या आढ्याला कप्पी, कप्पीतून दोर, दोराला टांगून तुळई चढवलेली. भोकं पाडताना लोखंड हलू नये म्हणून जमिनीत पुरलेला लाकडी खोडा. एक-एक भोक पाडायला एक-एक दिवस गेला, असं शेवंताबाईंनी नंतर सांगितलं. मी धरायचो ते काम तो दोर करत होता. त्याच्याकडे बघत मी दारातच थांबलो. माफी मागायची म्हणून वाटेत वाक्यं जुळवली होती. भाऊंनी स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं. "या. दांडा मारा. माहा खांदा दुखून राह्यला."

त्यानंतरची चार वर्षं मी दांडा मारला. ते वाकून, एक डोळा मिटून बाक बघत आणि कधी थांबायचं ते सांगत. गावोगावची केजव्हीलं, वखराच्या लोखंडी पासा, ट्रॉलीचे अँगल आमच्या हाताखालून गेले. त्या जुन्या वाक्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. त्यांनी क्षमा केली होती, की एकटं राहून थकले होते, हे मला आजही सांगता येणार नाही. ऑपरेशनला निघायच्या आदल्या दिवशी म्हणाले, एक ट्रॉलीचा अँगल आलाय, तुम्ही आल्यावरच करू. मग मी निघताना, "लवकर या."

परत आलो तोवर सगळं आटोपलं होतं. रंजना दुकानातच होती. माझ्या हातात चावी ठेवून म्हणाली, "काका, मले यातलं काई समजत नाई. तुमीच पाहा." आत गेलो. प्रेसमध्ये तोच अँगल होता, अर्धा वाकलेला. माझी वाट बघून त्यांनी एकट्यानंच सुरुवात केली होती. जॅकवर हात ठेवला. दाब तसाच होता. त्यांच्या डाव्या हातानं दिलेला, तेलात धरून राहिलेला... दाब सोडायची झडप सैल करायला माझा हात धजला नाही. शटर ओढलं आणि घरी आलो.

पंधरा दिवस तो तसाच राहिला. मग ट्रॉलीवाला आला, ओशाळून म्हणाला, सोयाबीन न्यायचं आहे, अँगल अडकलाय. मी त्याला टपरीवर बसवलं आणि दुकानात एकटाच गेलो. दांडा हातात घेतला, मोजून अकरा वेळा मारला. बाराव्याला थांबलो. पुरे झालं की अजून हवं, हे विचारायला मान वळवली, आणि तिथे भिंत होती. भाऊ वाकत तसा वाकलो, एक डोळा मिटला. आता नजर चांगली झाली आहे, बाक मला स्पष्ट दिसत होता. झडप उघडली. तेलानं श्वास सोडल्यासारखा आवाज केला, स्प्रिंगांनी पट्टी वर ओढून घेतली आणि अँगल खणकन बैठकीवर पडला.

ट्रॉलीवाल्यानं तो लावून बघितला. बसला. तो गेल्यावर शेवंताबाई चहा घेऊन आल्या. सवयीनं त्यांनी दोन कप आणले होते. दुसरा परत नेला नाही, प्रेसच्या बैठकीवर ठेवला.