माझ्या बाजूची कडी

नलूताई गेली हे मला कुणी येऊन सांगितलं नाही. मशीन सुरू झालं नाही, त्यावरून कळलं. रोज सकाळी सातला आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे तिचं शिलाई मशीन एकदा खडखडायचं, थांबायचं आणि मग लयीत लागायचं. त्या सोमवारी माझी चपाती तव्यावर करपली तरी पलीकडे चिडीचूप. मी मधल्या दारावर थाप मारली, हाका मारल्या. मग नवऱ्याला उठवून गेटबाहेर, गल्लीला वळसा घालून तिच्या दाराशी. आतून कडी. शेजारच्यांनी पहार आणली... यात अर्धा-पाऊण तास सहज गेला. आत ती मधल्या दाराशीच पडली होती, डोकं आमच्या बाजूला. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, कुणी काही करू शकलं नसतं. महिना झाला, सगळे मला तेच सांगताहेत.

कर्जतच्या आमच्या आळीत निम्मी घरं अशीच आहेत, पुढे मालक, मागे भाडेकरू. सासऱ्यांनी मागची खोली भाड्याला काढली तेव्हा मधलं दार बुजवायचं राहून गेलं, म्हणून त्याला दोन्हीकडून कड्या बसवल्या. ते दार उघडायचं नाही, हा सासूबाईंचा कायदा. त्यांच्या माहेरचं पोशीरचं शेत कुळाकडे गेलं, ते त्या अजून विसरलेल्या नाहीत. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मला सांगून ठेवलं होतं, "आज चा, उद्या चूल, परवा मालकी. भाडेकरू गोड बोलला का समजायचं, घर गेलं. कडी काडायची नाय." मी मान डोलावली. नव्या सुनेला दुसरं काय येतं.

नलूताई रेवदंड्याची. नवरा वारला, भावजयीशी पटेना, म्हणून इकडे आली आणि ब्लाऊज शिवायला लागली. चौदा वर्षं राहिली, पण कागदावर दर वेळी अकराच महिने. करार नवा करायची वेळ आली की मला सासूबाईंची धास्ती वाटायची आणि ही मात्र हसायची. म्हणायची, "माजं बरं हाय. अकरा म्हयन्यांनी सुटते तरी. संगे, तुजा करार कुणी वाचलाय का गं?" तोंडाची फाटकीच होती. पण हात असा, की टेप न लावता माप घ्यायची. एकदा म्हणाली, बाही अर्धा इंच आत घेतलीय, तू वाळलीस. मी विचारलं, तू मला बघितलंस कुठे? तर म्हणे, आवाज वाळलाय.

कारण आमची भेट म्हणजे आवाजच. ब्लाऊज द्यायला-घ्यायला पुढच्या ओट्यावर ती यायची, तेव्हा सासूबाई समोर बसलेल्या. खरं बोलणं दुपारी दोनला. सासूबाईंचा डोळा लागला की मी निवडायच्या तांदळाचं सूप घेऊन मधल्या दाराला पाठ टेकून बसायची, पलीकडे ती काजं-बटणं करत. तिला समुद्राची फार ओढ. म्हणायची, इथं आभाळाला सगळीकडनं डोंगर टेकवलेत, वारा येतो पण कुठनं तरी परवानगी काढून आल्यासारखा. मी माझं गाऱ्हाणं सांगायची. चौदा वर्षांत आम्ही एकमेकींचा चेहरा जेवढा पाहिला, त्याच्या शंभरपट त्या दाराचा रंग पाहिला असेल.

भिवपुरीच्या एका शाळेत मला कारकुनाची नोकरी लागत होती. हो म्हणून कळवायचं होतं, आणि त्याच आठवड्यात सासूबाई मोरीत पडल्या, खुबा मोडला. घरात कुणी 'जाऊ नको' म्हणालं नाही. तेवढंही कुणी म्हणालं नाही, मी जाणार नाही हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. त्या दुपारी मी दाराशी बसून पदर तोंडात कोंबून रडले. पलीकडचं मशीन थांबलं. ती हळूच म्हणाली, "संगे, माज्या बाजूनं काय अडत नाय हां." मला असला राग आला... वाटलं, हिला काय जातंय बोलायला, एकटा जीव सदाशिव. मी फणकारले, "तुझ्या बाजूनं नसेल गं, सगळं माझ्याच बाजूनं अडतं." पलीकडे मशीन परत सुरू झालं. चार दिवस मी तिकडे फिरकले नाही. पाचव्या दिवशी गेले, तिनं विषय काढला नाही, मीही नाही.

तेराव्यानंतर तिचा भाचा सामान न्यायला आला. मी म्हटलं, मशीन ने बाबा, बटणांचा डबा तेवढा मला राहू दे, आठवण म्हणून. घरी आणून उघडला. हुक, बटणं, तेलाची कुपी, आणि तळाशी पोपटी कापडात गुंडाळलेलं काहीतरी जड. कापड मी लगेच ओळखलं, तिनं मला शिवलेल्या पहिल्या ब्लाऊजचं. आत एक कडी, कोयंडा आणि स्क्रू. सगळ्याला नीट तेल लावलेलं.

मी तशीच वळसा घालून मागे गेले. मधल्या दारावर तिनं जुन्या साडीचा पडदा लावला होता, तो सारला. कडीची जागा मोकळी होती. भोकं साबणानं बुजवून वर रंग दिलेला, तोही आता पिवळा पडलेला. किती वर्षं, कुणास ठाऊक. मी त्या सकाळी थाप मारली, हाका मारल्या, पहार आणवली... सगळं केलं, फक्त माझ्या बाजूची कडी काढली नाही. तिच्या बाजूनं बंदच असणार, असं मी चौदा वर्षं धरूनच चालले होते. डॉक्टरांचं खरं असेल. पण कडी काढली असती, तर तिला सगळ्या आळीबरोबर बघायची वेळ तरी आली नसती.

पुढच्या महिन्यात रसायनीच्या कारखान्यातला एक मुलगा बायकोला घेऊन राहायला येणार आहे. सासूबाईंनी पडल्यापडल्या फर्मान काढलं, "त्या अंगाला कडी नाय म्हंतात, बसवून घे गं." मी म्हटलं, बघते.

काल दुपारी दोनला पेचकस घेऊन माझ्याच कडीपाशी बसले. नुसती काढून ठेवली तर संध्याकाळी माझाच हात ती परत लावील, हे मला माहीत आहे, म्हणून मुळातूनच काढायची. तीन स्क्रू निघाले. चौथा गंजून बसलाय, जाम हलत नाही. तिच्या कुपीतलं दोन थेंब तेल त्यावर सोडलं आणि दाराला पाठ टेकून बसले. आज परत सोडलं. आतून सासूबाईंनी विचारलं, काय करतेस गं? मी म्हटलं, कडी काढतेय.