तिला भाग्याची म्हणू नका

परळच्या कॅन्सरच्या दवाखान्यातून वैशालीला घरी आणलं, त्या दिवशी तिच्या नवऱ्याने, मितेशने, भिवंडीजवळच्या शेलारमधल्या सगळ्या आळीला सांगितलं, "रिपोर्ट चांगला आलाय. आता फक्त आराम करायचा." रिपोर्टात खरं काय आहे ते वैशालीला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मितेश टेम्पो घेऊन ड्युटीवर गेला, लेक दिशा शाळेत गेली, आणि मग वैशालीने सासूला हाक मारली.

"आई, दार लोटा आणि इथे बसा. मला मरायची तयारी करायची आहे. ह्यांना जमणार नाही. तुम्हाला जमेल."

ठकुबाई वाल सोलत होती. "काय येड्यावानी बोलतंस?" असं म्हणाली खरी, पण उठून दार लोटलं.

दोघींचं कधी फारसं पटलं नव्हतं. ठकुबाईचा नवरा तापाने गेला तेव्हा मितेश अंगावर पीत होता. शेलारहून भाजीची पाटी डोक्यावर घेऊन ती भिवंडीच्या धामणकर नाक्यावर जाऊन बसायची. जागेसाठी रिक्षावाल्यांशी भांडायची, हप्ता मागणाऱ्यांना शिव्या घालायची. त्या पाटीवर तिने पोरगा वाढवला, पत्र्याच्या घराच्या विटांच्या भिंती केल्या. पण त्या वर्षांनी तिची जीभ कायमची कडू झाली. सून आली अंबाडी गावची, बारावी शिकलेली, गोदामात पार्सल स्कॅन करायला शिफ्टला जाणारी. "बाईमाणसाला कसली शिफ्ट?" हे ठकुबाई पहिल्या महिन्यात बोलली आणि वैशालीने ते मनात धरून ठेवलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं मीठ-मिरची आणि दळणापुरतं.

"मनाच का सांगतंस?" ठकुबाईने विचारलं. "तुझी आयस हाय, भाऊ हाय."

"ते रडतील. तुम्ही रडत बसणार नाही."

ठकुबाईला ते लागलं. आणि का कोण जाणे, थोडं बरंही वाटलं.

मग घर रिकामं झालं की दुपारी दोघी बोलू लागल्या. वैशाली थांबत थांबत सांगायची. ठकुबाईला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून वैशाली एकदा सांगून झालं की तिच्याकडून पुन्हा वदवून घ्यायची. अजून बसवत होतं तोवर एकदा उशी पाठीला लावून दोघी रिक्षाने बँकेत गेल्या. खात्याला वारस म्हणून दिशाचं नाव लावलं. गोदामाच्या पीएफचंही तसंच केलं. परतताना वैशालीला उलटी झाली, तेव्हा ठकुबाईने पदर पुढे केला.

"आता पुन्हा दवाखाना नको," वैशाली म्हणाली. "नळ्या नको. कितीही धाप लागली तरी मला इथेच ठेवा. आणि दिशाला खरं सांगा. आई गावाला गेली, देवाघरी गेली, असलं काही नको. मीच सांगणार होते, पण तोंड उघडलं की मला रडू येतं."

ठकुबाईने मान हलवली.

"आणि एक. मी गेल्यावर बायका येतील. हिरवी साडी, हळद, कुंकू. म्हणतील, सवाष्ण गेली, भाग्याची. तसं मला कोणी म्हणायचं नाही."

ठकुबाई पहिल्यांदा चिडली. "ते माझ्या हातात हाय का? गाव हाय. आणि भाग्यच ते. लोकांना मिळत न्हाय. मना मिळालं न्हाय."

तिच्या डोळ्यांपुढे तिची स्वतःची दुपार उभी राहिली. ओट्यावर बसवून बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या होत्या, काच मनगटात शिरली होती, आणि मितेश मांडीवर भुकेने रडत होता. त्या दिवसापासून गावातली कुठलीही सवाष्ण गेली की तिला तिचा हेवा वाटायचा. हे ती कुणाला बोलली नव्हती.

वैशाली हळू म्हणाली, "आई, तुमच्यासारखी एवढी वर्षं मला मिळाली असती, तर मी मोकळ्या कपाळाने जगले असते. आनंदाने."

ठकुबाई उठली आणि उगाचच चुलीपाशी जाऊन राख चाळवत बसली.

दिशाला सांगायचं काम तिने फार लांबवलं नाही. रविवारी सकाळी न्हाणीपाशी तिचं डोकं धुताना, साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून पोरीने डोळे घट्ट मिटले होते, तेव्हाच म्हणाली, "बाय, तुझी आयस आता बरी व्हनार न्हाय."

दिशाने डोळे मिटलेलेच ठेवले. मग म्हणाली, "मरणार?"

"हो."

"पप्पांना माहीत आहे?"

ठकुबाई ह्या प्रश्नाला तयार नव्हती. "हाय," ती म्हणाली.

दिशाने तांब्यातलं पाणी स्वतःच डोक्यावर ओतून घेतलं. संध्याकाळी मितेश खाऊ घेऊन आला तर तिने पुडी घेतली नाही. आईपाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. काय झालं ते मितेशला कळलं तेव्हा तो आईवर ओरडला, "एवढ्याशा पोरीला कोण सांगतं? तुला काळीज आहे की नाही?" आतून वैशालीचा आवाज आला, "मीच सांगायला लावलं." त्यानंतर मितेश दोघींशीही बोलेना. तो लांबच्या फेऱ्या घेऊ लागला, आणि आला की वैशालीच्या पायाशी बसून मोबाईलमध्ये बघत राहायचा.

शेवट जवळ आला तेव्हा तो घरी होता. सकाळपासून वैशालीचा श्वास घशात घरघरत होता. ठकुबाईने ओळखलं. मितेशनेही ओळखलं असावं, पण त्याला ते बघवेना. त्याने अॅम्ब्युलन्सला फोन लावला.

"मितेश, ती न्हाय म्हणाली होती."

"मरू देऊ का तिला अशी? बाजूला हो, आई."

ठकुबाई दारात उभी होती. तिने ठरवलं असतं तर ती हलली नसती. नाक्यावर तिने याहून दांडगी माणसं परतवली होती. पण समोर तिचा पोरगा होता, त्याचा चेहरा लहानपणी ताप भरायचा तेव्हा व्हायचा तसा झाला होता. ती बाजूला झाली.

मितेश पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, ठकुबाई मागे वैशालीजवळ. धामणकर नाक्यावर गाडी अडकली. पुढे कापडाच्या गाठींनी भरलेला ट्रक, दोन्ही बाजूंना रिक्षा, मागे हॉर्न. सायरन वाजत राहिला, कुणाला हलायला जागाच नव्हती. वैशालीने दोनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा उघडलं नाही. गाडीतल्या पोराने नाडी बघितली, छातीला कान लावला, आणि ठकुबाईला दबक्या आवाजात म्हणाला, "अम्मा, खतम. अभी हॉस्पिटल ले गए तो पुलिस आएगी, पोस्टमार्टम होगा. कागज है ना बीमारी के? घर ले जाओ, अपने डॉक्टर से सर्टिफिकेट ले लो."

पुढून मितेश ओरडत होता, "चलो ना, भाई, निकालो गाडी!"

"गाडी वळव," ठकुबाई म्हणाली.

मितेशने मागे वळून बघितलं. ती नजर पुढे वर्षभर तशीच राहिली.

दाखला द्यायला नेहमीचे डॉक्टर आले. मग बायका जमल्या. ठकुबाईची नणंद आक्का हिरवी साडी आणि कुंकवाचा करंडा घेऊन पुढे झाली. रीतीप्रमाणे ठकुबाईने अशा वेळी लांब बसायचं. आजवर ती तशीच बसली होती. अंगाला हळद लागली, साडी नेसवून झाली. आक्काने मळवट भरायला हात उचलला आणि गळा काढला, "कशी भाग्याची गो माझी बाय..."

ठकुबाई उठली. बायकांमधून वाट काढत गेली आणि आक्काचा हात धरला.

"आक्का, तो शब्द नको."

"ठकू, तू मागे हो. तुझा हात नको आता."

"साडी नेसवलीत, नेसवा. कुंकू लावा. पण तिला भाग्याची म्हणू नका. तिला जगायचं होतं."

आक्काने आपला हात सोडवून घेतला. तिने कुंकू लावलं, पण तो शब्द पुन्हा काढला नाही. दुसऱ्या कुणीही काढला नाही. अंबाडीहून आलेली वैशालीची आई कोपऱ्यात बसली होती, ती तेवढी मोठ्याने रडू लागली.

कामं उरली ती ठकुबाईच्या वाट्याला आली. मृत्यूची नोंद करायला ती ग्रामपंचायतीत गेली तेव्हा तिथला माणूस म्हणाला, "नवऱ्याला पाठवा." ती म्हणाली, "तो येनार न्हाय. तुम्ही लिवा, मी बसलंय." आणि बसून राहिली. रेशनकार्ड, शाळा, बँक, सगळीकडे ती अशीच बसून राहिली. आक्काने वर्षाच्या आतच अंबाडीकडचं एक स्थळ आणलं. मितेश हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्याने भिवंडीत गोदामाजवळ खोली घेतली होती, रविवारी दिशासाठी यायचा. "तू गाडी वळवलीस," एवढं एकदाच बोलला होता. ठकुबाईने प्रतिवाद केला नाही. गाडी वळवण्याआधीच वैशाली गेली होती हे त्याला सांगून काही उपयोग नव्हता. डॉक्टरांनीही सांगून झालं होतं.

वैशालीचं कपाट मात्र त्याने कुणाला उघडू दिलं नव्हतं. किल्ली त्याच्याकडे. श्रावणात त्या भिंतीला ओल आली, खोलीभर कुबट वास सुटला. रविवारी तो आला तेव्हा दिशानेच त्याला सांगितलं, "पप्पा, मम्मीचे कपडे सडतायत."

त्याने कपाट उघडलं. खालच्या कप्प्यातल्या साड्यांवर बुरशीचे पांढरे डाग पडले होते. तो आणि ठकुबाई जमिनीवर बसले. चांगले एकीकडे, गेलेले गोणीत. मग एक ड्रेस हातात घेऊन, वर न बघता मितेशने विचारलं, "गाडीत ती काही बोलली का?"

ठकुबाईच्या तोंडाशी आलं होतं. तुझं नाव घेतलं, असं म्हणायला काय जातं? पोरगा त्यावर आयुष्य काढेल.

"न्हाय," ती म्हणाली. "काही बोलली न्हाय. श्वासच न्हवता."

मितेशने मान हलवली. ड्रेसची घडी घातली, चांगल्यांत ठेवली. मग ठकुबाई गच्च भरलेली गोणी उचलायला गेली, तर त्याने तिच्या हातातून घेतली.

"राहू दे. मी टाकतो."

त्या रात्री तो घरीच जेवला. सकाळी दिशाला टेम्पोने शाळेत सोडून ड्युटीवर गेला.